काळोखाच्या आधी घेतलेली दुर्बीण

खोक्यावर छापलं होतं : पाचशे पंचवीस पट.
साइमीने आकड्यावरून बोट फिरवलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की सौदा झालाच.

दुकानदार आर्मास, म्हातारा.
त्याने ते खोकं हलकेच फिरवून ठेवलं,
भिंतीकडे तोंड करून,
वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं.
"पट काय, कुणीही छापेल.
शिंक आली तरी थरथरते याची तिवई.
उजेड किती मावतो ते विचार, पोरी.
पागोळीखाली वाटी ठेवशील
की घंगाळ?"

आणि मागच्या खोलीतून ओढत आणली
बंबासारखी जाडजूड नळी,
तळाशी सहा इंचांचा आरसा,
बसायला लाकडी पेटी.
ना मोटर, ना बटणं.
ढकललं की वळते, सोडलं की थांबते.
साइमीने ढकलली. वळली.
सोडली. थांबली.

"दोन भिंगं सोबत येतात, पंचवीसचं नि दहाचं.
तिसरं आत्ता घेऊ नका,
आधी या दोघांचा कंटाळा येऊ दे.
लाल दिवा?
घरात एखादा लाल मोजा असेलच."

तीनशे नव्वद युरो.
माझ्या किती रात्रपाळ्या, ते मी मोजलं
आणि हिल्काला सांगितलं नाही.

घेतली ती मे महिन्यात.
हसा.
आमच्या राहे गावात मेमधली रात्र
दाराच्या फटीएवढी,
जूनमध्ये तीही बुजते.
हिल्का म्हणाली, "बर्फ वितळल्यावर
स्की घेणारा माणूस मी निवडला."

उन्हाळाभर नळी उभी राहिली
सॉनाच्या बाहेरच्या खोलीत, टॉवेलांशेजारी.
सूर्याकडे कधीच नाही, कधीच नाही,
हे मी साइमीकडून रोज वदवून घेतलं,
पाढ्यासारखं.
बाकी सगळं तिने पाहिलं :
उलटी जहाजं, उलटे सीगल,
उलट्या अंगणात उलटी लेम्पीकाकू
कपडे वाळत घालताना.
वहीत नोंद :
"चौदा जून. तारे शून्य.
काकूंचे मोजे नऊ. एक हरवलाय."

सप्टेंबरात काळोख परतला
तेव्हा लक्षात आलं,
दक्षिणेला तो परतलाच नव्हता.
तिथे आमचा पोलादाचा कारखाना.
मळी ओतली की ढगांची पोटं नारिंगी होतात.
ज्या भट्टीने दुर्बिणीचे पैसे दिले
तीच शनीवर पडदा ओढून बसलेली,
आणि वीस वर्षं तिच्या उजेडात
घरी येताना
मी मान वर केली नव्हती.

मग गाडीत मागची सीट पाडून
नळी झोपवली, गोधडीत, आजारी माणसासारखी,
कारखाना पाठीशी टाकला,
वीस किलोमीटर, होड्यांच्या धक्क्यापर्यंत.
आरसा गार व्हायला अर्धा तास.
साइमीच्या कपाळावरच्या दिव्याला माझा लाल मोजा.
टाचेच्या भोकातून एक पांढरा ठिपका निसटत होता,
तो तिने अंगठ्याने दाबून धरला.

शोधता शोधता माझी कॉफी संपली.
शेवटी सापडला. पंचवीसमध्ये
तांदळाच्या कणीएवढा.
भिंग बदललं. दहा.
ती स्टुलावर चढली
आणि गप्प झाली.

खाली उतरली. नळीच्या तोंडाशी गेली.
टाचा उंचावून आत डोकावली.
"आर्मासने स्टिकर चिकटवलाय."

माझी लोकरी टोपी काढून घेतली,
नळीवर चढवली.
"बाबा, तू बघ. गेला?"
गेला.
"आता?"
आला.
चार वेळा.
चौथ्यांदा आला तेव्हा
माझे कान गारठून गेले होते
आणि मला टोपी परत नको होती.

ती पुन्हा चढली, तोवर
कड्यासकट तो कडेला सरकलेला.
"पळतोय!"
"आपण पळतोय," मी म्हणालो.
यावर तिने वाद घातला नाही.
एका बोटाने नळी जराशी ढकलली,
मिनिटभराने पुन्हा,
जशी हिल्का बोलता बोलता पाळणा ढकलायची,
तशी, न बघता.

मागे भट्टीचं तोंड उघडलं असावं.
उत्तरेची कड क्षणभर नारिंगी झाली.
"बाबा," भिंगावरून डोळा न काढता
ती म्हणाली,
"दिवा बंद कर."